काळा रंग, मोजून

(दृश्य: कोऱ्या कागदावर शाईचा ब्रश फिरतो. अर्धं पान काळं होतं. उरते एक टोपी, एक जबडा आणि मुठीचा कोपरा.)

या माणसाचा चेहरा चित्रकारानं काढलेला नाही. त्यानं फक्त सावली काढली, चेहरा आपण आपल्या मनानं भरला. नुआर कॉमिकची, म्हणजे गुन्हेगारीच्या काळोख्या चित्रकथेची, सगळी गंमत यात आहे आणि त्यावर सिनेमा करणाऱ्याची सगळी अडचणही यातच. कागदावर काळं करायचं तर शाई ओतायची. कॅमेऱ्यासमोर काळं करायचं तर उजेड अडवायचा. आणि गाव सोलापूर, जिथे एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच भिंतीकडे बघवत नाही.

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी. पत्र्याच्या शेडची रांग. मागांची खटखट.)

या वाटेवरचा सर्वांना ठाऊक असलेला टप्पा म्हणजे २००५ चा 'सिन सिटी'. फ्रँक मिलरची ही चित्रकथा १९९१ पासून छापली जात होती. रॉबर्ट रॉड्रिगेझनं मिलरलाच सहदिग्दर्शक म्हणून शेजारी बसवलं, आणि त्यावरून दिग्दर्शकांच्या संघटनेचा नियम आडवा आला तेव्हा संघटना सोडली. ऑस्टिनमधल्या त्याच्या स्टुडिओत जवळपास सगळं चित्रण हिरव्या पडद्यासमोर (तो हिरवा संगणकावर काढून तिथे हवी ती पार्श्वभूमी बसवतात), डिजिटल कॅमेऱ्यावर आणि रंगीत झालं. रंग काढले ते नंतर.

हे 'नंतर' नीट समजून घ्यायला हवं. कॅमेरा थेट कृष्णधवल मोडवर ठेवणं ही पहिली चूक, कारण कुठला रंग किती करडा दिसावा हे ठरवण्याचा हक्क तिथेच हातचा जातो. रंगीत चित्रण लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन वाहिन्यांत (चॅनलमध्ये) साठतं. करडं करताना लाल वाहिनी वाढवली की त्वचा उजळ आणि गुळगुळीत होते. निळी वाहिनी वाढवली की तीच त्वचा काळवंडते, डाग, व्रण, देवीचे खड्डे उठून दिसतात. नायिका आणि खलनायक एकाच दिव्याखाली उभे करून दोघांची कातडी वेगळी करता येते ती अशी.

(दृश्य: टेबलावर कॉमिकची पानं, शेजारी लॅपटॉप.)

त्याआधी कागदाचं काम. हक्क लेखी घ्यायचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. लेखक आणि चित्रकार दोघं वेगळे असतील तर दोघांच्या सह्या लागतात. चित्रकाराला विसरणारे पुष्कळ.

मग प्रत्येक चौकट स्कॅन करून संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनवर ओळीनं ठेवायची आणि संवाद मोठ्यानं वाचून, मोबाइलवरच रेकॉर्ड करून खाली जोडायचे. इथे बहुतेकांचा हिरमोड होतो. संवादाच्या फुग्यात तीस शब्द असतील तर डोळा ते चटकन उरकतो, पण बोलायला बारा-तेरा सेकंद जातात. तेवढा वेळ हवेत उगारलेला ठोसा थांबत नाही. मग एकतर फुगा कापायचा, नाहीतर संवाद ठोशाच्या आधीच्या चौकटीत सरकवायचा. चौकट जशीच्या तशी उचलणं म्हणजे निष्ठा, असं मानणाऱ्यांचे सिनेमे स्लाइड शोसारखे दिसतात.

दुसरा पेच आकाराचा. पान उभं, पडदा आडवा. उंच, अरुंद चौकट २.३९ ला १ च्या (उंचीच्या सुमारे अडीचपट रुंद) पडद्यावर आणायची तर दोन्ही बाजूंना काहीतरी भरावं लागतं, आणि ते काहीतरी म्हणजे अंधार. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा, चाळीचा जिना, दोन घरांमधली बोळ: मध्ये माणूस, दोन्हीकडे काळं. चित्रकारानं रेघ मारून केलेली चौकट इथे दगडविटांत तयारच मिळते.

(दृश्य: शेडच्या आत हिरवं कापड ताणलं जातंय.)

आता शेड. वीस फूट रुंद, बारा फूट उंच हिरवी भिंत लागते. कापड चाटी गल्लीत मिळेल, पण सॅटिन किंवा चकाकणारं पॉलिस्टर घ्यायचं नाही. दिवा पडला की त्यावर पांढरा पट्टा उमटतो आणि तेवढ्या भागातला हिरवा संगणकाला काढता येत नाही. सोलापूरला याचं उत्तर घरातच आहे: टेरी टॉवेलचं कापड. त्याच्या फासांत उजेड मुरतो, चमक येत नाही, घड्याही फारशा पडत नाहीत. पन्ने (कापडाच्या रुंदीचे पट्टे) जोडताना शिवण मागच्या बाजूला दाबून घ्यायची, नाहीतर तिची सावली उभी रेघ होऊन दिसते. पाइपवर ताणून फुटाफुटावर चिमटे.

कापडाला स्वतःचे दिवे, नटाला स्वतःचे. वेव्हफॉर्मवर, म्हणजे चित्रातला उजेड मोजणाऱ्या आलेखावर, हिरवी पट्टी सपाट दिसली पाहिजे, साधारण ४५ ते ५० टक्क्यांवर. नट कापडापासून किमान दहा फूट पुढे. जवळ उभा केला की हिरवा उजेड खांद्यावर आणि केसांवर चढतो. 'शेवटी कृष्णधवलच करायचंय, कोणाला दिसणार?' असं म्हणू नये. रंग गेला तरी तो उजेड करड्या झालरीसारखा कडेला उरतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर. शटर इकडेतिकडे झालं की स्वस्त एलईडीची थरथर चित्रात उतरते, आणि ती नंतर काढणं जिकिरीचं.

जुन्या गिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरं दिसायला देखणी, पण त्यातल्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या असतात, विणकराला दिवसभर मऊ, सारखा उजेड मिळावा म्हणून. नुआरला नेमका तोच उजेड नको. काचा काळ्या कापडानं बंद करायच्या आणि एकच कडक दिवा एका बाजूनं मारायचा, पुढे कसलाही पडदा न लावता. चेहऱ्याच्या उजळ आणि अंधाऱ्या बाजूत तीन स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे आठास एकचा फरक. भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली धारदार हवी असेल तर दिवा लहान आणि लांब, गज भिंतीजवळ. उलट केलं की सावली पिठासारखी पसरते. एवढं करून काळं काळं दिसत नसेल तर दोष जमिनीचा असतो: शहाबादी फरशी उजेड वर फेकते. फ्रेमबाहेरच्या फरशीवर काळे टॉवेल अंथरायचे.

(दृश्य: निळी साडी नेसलेली स्त्री. संगणकावर साडी लाल होते, बाकी सगळं करडं.)

सगळं कृष्णधवल आणि साडी तेवढी लाल. पोस्टरवर हे सोपं वाटतं. पण माणसाच्या त्वचेचा रंग लालाच्या शेजारीच बसतो, म्हणून संगणकाला 'फक्त लाल ठेव' म्हटलं की ओठ, कान, नाकाचा शेंडा सगळंच लाल उरतं. साडी निळी घ्यायची आणि नंतर निळ्याचं लाल करायचं. 'सिन सिटी'तला पिवळा खलनायक सेटवर निळ्या रंगात माखलेला होता, तो याच हिशेबानं. यात एक फायदा फुकटात मिळतो: निळ्या पदराचा उजेड हनुवटीवर पडलेला असतो, तोही लाल होतो आणि साडी खरी वाटते.

रक्ताचा हिशेब याहून फसवा. त्वचा उजळायला लाल वाहिनी वाढवली की लाल रक्तही उजळतं. नट मरून पडलाय आणि अंगावर दही सांडल्यासारखं दिसतंय! काळं रक्त हवं तर एक वाटी लिक्विड ग्लुकोज, पाव वाटी पाणी, दोन चमचे कोको पावडर. पांढरं हवं तर अतिनील दिव्याखाली चमकणारा द्रव, 'सिन सिटी'त वापरला तसा. ग्लुकोजवर दहा मिनिटांत मुंग्या आणि माश्या जमतात. शर्ट एकसारखे तीन ठेवायचे. चित्रण रात्री आठनंतर, कारण मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली चिकटवलेली जखम घामानं कपाळावरून सरकत भुवईवर येते.

(दृश्य: काळ्या पडद्यासमोर पाण्याच्या धारा.)

नुआरला पाऊस लागतो, आणि या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. म्हणून गल्ली भिजवायची नाही, पाऊस काळ्या पडद्यासमोर वेगळा टिपायचा आणि नंतर चित्रावर चढवायचा. आठ फूट पीव्हीसी पाइप, दर दोन इंचांवर दोन मिलिमीटरचं भोक, अर्धा अश्वशक्तीचा पंप, खाली ताडपत्री, आणि तेच दोनशे लिटर पाणी पुन्हा पिंपात. दिवा मागून. समोरून मारला तर थेंब दिसतच नाहीत. शटर १/५० च ठेवायचं, म्हणजे धारा चित्रातल्या रेघांसारख्या लांब येतात. पंप आणि दिवे असलेल्या लाइनवर आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर काम सुरूच करायचं नाही.

रस्त्यावर खेळण्यातलं पिस्तूल काढायचं असलं तरी पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं. बार काढायचा नाही. नळीची ज्वाला नंतर एका फ्रेमची जोडतात. मात्र नटाच्या चेहऱ्यावरचा लखलखाट तिथेच, दिवा क्षणभर लावून मिळवायचा.

भाषेबद्दल थोडं. फुग्यातलं वाक्य शब्दशः मराठीत आणलं की गुंड वर्तमानपत्रातून बोलू लागतो. 'तू इथे यायला नको होतंस' यापेक्षा 'का आला बे?' यात जास्त धाक आहे, आणि सेकंदही कमी लागतात.

(दृश्य: मध्यरात्र. माग बंद. टेबलावर कडब्याची पेंढी, ओला टॉवेल, एक माइक.)

चित्रकथेत ठोसा दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत बसतो. पडद्यावर ती पट्टी म्हणजे कट: हात उगारलेला, कट, भिंतीवर सावली कोसळलेली. मधलं सगळं आवाजानं भरायचं. ओला टॉवेल घडी करून लाकडी पाटावर आपटला की ठोसा. हाड मोडायला ज्वारीचं धाट. वाळलेलं धाट नुसतं कडकन तुटतं, किंचित ओल असलेलं आतून फाटत जातं, म्हणून ते घ्यायचं. माइक एक फूट अंतरावर. आणि आवाज चित्राच्या एक फ्रेम आधी ठेवायचा.

(पडदा काळा. धाट मोडल्याचा आवाज.)