मणी तपासला, विहीर कोण तपासणार?

नमस्कार. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीची द्राक्षं युरोपला जायला लागली, त्यामुळे आपल्याकडचं प्रदूषण वाढलं की घटलं? दोन्ही झालं.

आधी घटलं ते बघू. 2010 चा हंगाम बागायतदार विसरलेले नाहीत. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, शेंडा थांबवायला मारलेल्या सीसीसी या वाढरोधकाचे अंश युरोपात द्राक्षांमध्ये सापडले आणि माल अडकला. आज निर्यातीचा प्लॉट ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन नोंदणीत नोंदवावा लागतो, काढणीआधी लॅबचा माणूस नमुना नेतो, आणि शेवटची फवारणी ते काढणी हे दिवस, म्हणजे पीएचआय, मोजूनच औषध निवडावं लागतं. ही शिस्त बाजाराने लावली, आणि ती लागली हे फार बरं झालं.

पण तपासतात काय? द्राक्षाचा मणी. माती नाही.

बोर्डोचा, म्हणजे बुरशीवर मारायच्या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचा हिशेब करा. एक टक्क्याला 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद. एकरी 400 लिटर मारलं की 4 किलो. मोरचुदात चौथा हिस्सा तांबं, म्हणजे एका फवारणीत एकरी 1 किलो तांबं. ते कुजत नाही, मातीच्या वरच्या थरात साठत जातं आणि गांडुळांना बाधतं. युरोपने 2019 पासून स्वतःच्या बागांना 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे, म्हणजे एकरी वर्षाला जेमतेम 1.6 किलो. आपली द्राक्षं घेताना मात्र फक्त फळातला अंश बघतात.

मग व्यापार बंद केला तर प्रदूषण थांबेल? कांद्याकडे बघा. 8 डिसेंबर 2023 ला निर्यात बंद झाली, 4 मे 2024 ला उघडली. तेवढ्याने शेतातलं नत्र (नायट्रोजन) कमी होत नाही, कारण युरियाची 45 किलोची गोणी साधारण 266 रुपयांत मिळते आणि हात सैल सुटतो. शिफारस हेक्टरी 100 किलो नत्राची, म्हणजे एकरी 40. नुसत्या युरियात मोजलं तर दोन गोण्या, त्याही हप्त्याने: निम्मं लागवडीला, उरलेलं 30 आणि 45 दिवसांनी. कांद्याची मुळं उथळ. मोकळं पाणी सोडलं की जास्तीचं नत्र नायट्रेट होऊन मुळांखाली निसटतं आणि विहिरीत उतरतं. उशिरा दिलेल्या युरियाने मान जाड होते, कांदा साठवणीच्या चाळीत सडतो, तो तोटा वेगळाच.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत हवं. विहिरीच्या पाण्याचा नमुना उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा द्या. बागेच्या मातीचा नमुना देताना सूक्ष्म अन्नद्रव्यांत तांबं मोजायला आवर्जून सांगा.