तारीख पलटते तो क्षण

(दृश्य : अंधारी खोली. टेबलावर एकच दिवा, त्याखाली उघडलेलं मनगटी घड्याळ. काटे काढून बाजूला ठेवलेले.)

या घड्याळाला आत्ता वेळ सांगता येत नाही. त्याचे तिन्ही काटे एका छोट्या डबीत झाकून ठेवले आहेत. जुनी तबकडी निघाली आहे आणि नवी, गडद निळी तबकडी मशीनवर बसली आहे.

चावी, म्हणजे घड्याळाच्या कडेची गुंडी, शेवटपर्यंत बाहेर ओढायची आणि हळूहळू फिरवायची. तारखेच्या खिडकीत बघत राहा. आकडा जरासा सरकतो, दोन तारखांच्या मध्ये रेंगाळतो, आणि मग पुढची तारीख येऊन बसते.

ही या घड्याळाची मध्यरात्र.

बाहेर दुपार असो की सकाळ, याचे बारा आत्ता वाजले आहेत. तासकाटा आणि मिनिटकाटा याच जागी, बरोबर बारावर बसवायचे. इथे चूक झाली तर घड्याळ चालेल, वेळही बरोबर दाखवेल, पण तारीख भलत्याच वेळी बदलेल. कधी सकाळी सातला, कधी दुपारी अडीचला. मग काटे पुन्हा काढावे लागतात.

ही गोष्ट घड्याळासोबत येणाऱ्या पुस्तिकेत नसते. ज्याचे काटे एकदा चुकीचे बसले, त्याने ती दुसऱ्याला सांगितली, आणि दुसऱ्याने तिसऱ्याला. घड्याळाचे भाग स्वतःच्या हातानं बदलण्याच्या या छंदाचं बरंचसं ज्ञान असंच पसरलं आहे.

(दृश्य : मनगटांचे फोटो एकामागून एक. स्टीलचे पट्टे, नायलॉनचे पट्टे, चामड्याचे पट्टे.)

जाहिरातीतल्या घड्याळाचे काटे बहुतेक वेळा दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास थांबवलेले असतात. नाव झाकलं जात नाही, चेहरा प्रमाणबद्ध दिसतो. हौशी लोकांनी काढलेले हे फोटो तसे नाहीत. इथे कुठे सात बेचाळीस झालेत, कुठे पावणेचार. ज्या वेळी काढला, तीच वेळ फोटोत आहे. काचेवर ओरखडे आहेत, पट्ट्याचं एक भोक ताणलं गेलं आहे. मला हेच फोटो जास्त बोलके वाटतात, कारण ही वापरातली घड्याळं आहेत.

मनगटावरचं घड्याळ आपल्या सोयीनं बदलून घेणं हे आजचं खूळ नाही. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिशातून घड्याळ काढून बघायला सवड नव्हती. तेव्हा खिशातल्या छोट्या घड्याळांना तारेच्या कड्या डाखून, त्यातून चामड्याचा पट्टा ओवून ती मनगटावर बांधली गेली. काचेला तडा जाऊ नये म्हणून वर धातूची जाळी आली. मनगटी घड्याळाच्या घडणीत या जुगाडाचा मोठा हात आहे.

आजही सुरुवात बहुधा पट्ट्यापासूनच होते. लागते फक्त एक बारीक दुबेळकं असलेली पट्टी. तिनं स्प्रिंग बार, म्हणजे पट्टा घड्याळाला धरून ठेवणारी स्प्रिंगची दांडी, दाबायचा, आणि पट्टा निघतो. १८, २० किंवा २२ मिलिमीटर, एवढं रुंदीचं माप कळलं की झालं. नायलॉनचा जो पट्टा आज जगभर दिसतो, त्याचा नमुना ब्रिटिश संरक्षण खात्यानं १९७३ मध्ये ठरवला होता. त्यातली खुबी साधी आहे. एकच सलग पट्टी दोन्ही स्प्रिंग बारांवरून आणि घड्याळाच्या खालून जाते, त्यामुळे एक बार तुटला तरी घड्याळ हातातून पडत नाही.

(दृश्य : स्टीलचं डायव्हर घड्याळ, चावी चाराच्या खुणेजवळ.)

पण झाकण उघडायची हिंमत हजारो लोकांना दिली ती या घड्याळानं. सेको एसकेएक्स ००७. १९९६ मध्ये आलं, २०१९ मध्ये बंद झालं. २०० मीटरपर्यंत पाण्यात चालणारं, दणकट, आणि एका ठळक उणिवेचं. त्यातल्या ७एस२६ या मशीनला हातानं किल्ली देता येत नव्हती, आणि चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नव्हता. सेकंदाला सेकंद जुळवणं त्यामुळे जिकिरीचं.

हौशी लोकांच्या लक्षात आलं की त्याच घराण्यातलं एनएच३६ हे मशीन याच केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचात, बसतं. त्याला किल्ली देता येते, आणि चावी ओढली की ते थांबतं. जुनी तबकडी आणि जुने काटेही त्याच्यावर चालतात. कंपनीनं न दिलेली सोय मालकानं स्वतः बसवून घेतली.

इथून पुढे खरी देवाणघेवाण सुरू झाली, आणि ती होती मापांची. तबकडीचा व्यास २८.५ मिलिमीटर. काचेचा ३१.५. तासकाट्याचं भोक १.५ मिलिमीटर, मिनिटकाट्याचं ०.९, आणि सेकंदकाटा ज्या दांडीवर बसतो ती फक्त ०.२ मिलिमीटरची, जेमतेम डोक्याचे तीन केस एकत्र धरावेत इतकी. मशीनची मापं बनवणाऱ्याच्या तांत्रिक पत्रकात सापडतात. पण काच, बेझल म्हणजे काचेभोवतीचं कडं, आतली कडेची रिंग यांची मापं घ्यायला कुणीतरी आपलं चालू घड्याळ उघडून त्याला कॅलिपर लावला, आणि आकडा स्वतःकडे न ठेवता सगळ्यांना दिला. त्या आकड्यांवर सुटे भाग बनू लागले. काच घासून घासून पुसट झाली तर नीलमणी काच बसवा. तिचा कठीणपणा मोस मापावर ९ आहे, हिऱ्याच्या एकच पायरी खाली.

तबकडीच्या मागे बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. चावी तीनजवळ असेल तर भोकं एका जागी, चाराजवळ असेल तर दुसऱ्या. म्हणून बऱ्याच सुट्या तबकड्यांना चार पाय देतात आणि नको असलेले दोन कापायचे असतात. कोणते दोन, हे कापण्याआधी तीनदा तपासा. कापलेला पाय परत चिकटवायला बसलेला माणूस मी जवळून पाहिला आहे. त्याची ती संध्याकाळ फार वाईट गेली.

(दृश्य : काळं, चौकोनी डिजिटल घड्याळ. आकडे काळ्यावर पांढरे दिसत आहेत.)

सगळ्यांना चिमटा आणि भिंग लागतंच असं नाही. कॅसिओ एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून जवळपास तसंच मिळतं आहे. वजन सुमारे २१ ग्रॅम, आणि एक सेल साधारण सात वर्षं पुरतो. पडद्यावरची ध्रुवक फिल्म, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा पातळ पापुद्रा, काढून ९० अंशात फिरवून बसवली की करड्यावरचे काळे आकडे उलटतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर फिके आकडे उमटतात.

काहीजण याच घड्याळात सिलिकॉन तेल भरतात. हे ऐकून मी आधी चमकलो होतो. पण त्यामागचं कारण पक्कं आहे. काच आणि पडदा यांच्यामध्ये हवा असते तिथे प्रकाश वाकतो. हवेच्या जागी तेल आलं की ते वाकणं जवळपास संपतं, आणि आकडे काचेच्या पृष्ठभागावरच छापल्यासारखे दिसतात. शिवाय तेल दाबलं जात नाही, त्यामुळे पाण्याचा दाब केसला चेपू शकत नाही. किल्लीच्या घड्याळात मात्र हे करू नका. त्याचं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलत वेळ मोजणारं चाक, तेलात झुलणारच नाही.

आणखी एक गोष्ट हौशी मंडळी नवख्याला पहिल्याच दिवशी सांगतात. खूप जुनं घड्याळ असेल, तबकडीवरच्या खुणा पिवळट-तपकिरी झाल्या असतील, तर ते घरी उघडू नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अंधारात चमकणाऱ्या तबकड्या रेडियमनं रंगवत. त्यातलं जस्ताचं संयुग केव्हाच थकलेलं असतं, म्हणून चमक दिसत नाही. पण रेडियम किरणोत्सर्गी आहे आणि त्याचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. त्याची धूळ श्वासात जाता कामा नये. आज खुणा नव्यानं रंगवायला वापरतात ते स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट. १९९० च्या दशकात ते घड्याळांत आलं. उजेड पिऊन घेतं आणि अंधारात परत देतं, किरणोत्सर्ग नाही.

आणि एका बाबतीत मी हट्टी आहे. बदललेलं घड्याळ बदललेलं म्हणूनच सांगावं. तीन घड्याळांचे तुकडे जोडून ते मूळचं म्हणून विकणं, किंवा साध्या तबकडीवर महागड्या नावाची छाप मारणं ही फसवणूक आहे. जो आपल्या घड्याळातला एकेक भाग कुठून आला ते उघड सांगतो, त्याच्या फोटोखालून शिकायला मिळतं.

(दृश्य : पुन्हा टेबल. बोटांवर रबरी टोप्या. चिमट्यात सेकंदकाटा.)

तासकाटा बसला. मिनिटकाटा बसला. दोन्ही एकमेकांना समांतर आहेत का, ते कडेनं वाकून बघायचं. आता सेकंदकाटा. भोक दांडीवर नेमकं आलं आहे की नाही हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. श्वास धरायचा आणि हलकेच दाबायचं. माझा पहिला काटा इथेच वाकला होता. दुसराही.

बसला.

ब्लोअरनं फुंकर मारायची, मऊ चिकट गोळ्यानं शेवटची धूळ टिपायची, मशीन केसमध्ये उतरवायचं. रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. झाकण घट्ट. दाबाची चाचणी होईपर्यंत हे घड्याळ पाण्यात न्यायचं नाही, तबकडीवर २०० मीटर लिहिलेलं असलं तरी.

चावी आत दाबली. सेकंदकाटा निघाला, सेकंदाला सहा ठोके घेत, तासाला २१,६००.

आणि आता उजेडात धरल्यावर दिसतंय, चाराच्या खुणेजवळ काचेखाली धुळीचा एक कण राहिला आहे.

(दृश्य : मनगटावर घड्याळ. फोनवर फोटो निघतो.)

फोटोत तो कण कुणाला दिसला नसता. पण फोटोखाली मी लिहिलेली पहिलीच ओळ अशी आहे : चाराजवळ एक कण राहिलाय. मशीन केसमध्ये उतरवण्याआधी तबकडी दिव्यासमोर तिरकी धरून बघा, सरळ बघितलं तर दिसत नाही.