तोफा मागे ओढा

(पडद्यावर: डोंगरातली अरुंद वाट. अंधार. फक्त आवाज.)

जानेवारी 1954. व्हिएतनामचा वायव्य कोपरा, लाओसच्या हद्दीलगतचे डोंगर. दोन टनांहून जड तोफ, तिला बांधलेले दोर आणि दोरांना लागलेली शंभरेक माणसं. एकजण आरोळी देतो, बाकीचे सगळा जोर लावतात. तोफ हातभर वर सरकते. लगेच चाकामागे लाकडाचा ठोकळा. पुन्हा आरोळी. उजाडायला लागलं की तोफ फांद्यांनी झाकायची, कारण दिवसा फ्रेंच विमानं घिरट्या घालतात.

खालच्या दरीचं नाव दिएन बिएन फू. भातखाचरांची लांबट दरी, मधोमध धावपट्टी. 20 नोव्हेंबर 1953 रोजी फ्रेंच छत्रीधारी सैनिक इथे उतरले. सरसेनापती आंरी नावार यांचा हिशेब असा: लाओसची वाट अडवायची, व्हिएतमिन्हला, म्हणजे फ्रेंचांशी लढणाऱ्या स्वातंत्र्यवादी आघाडीला, डोंगरातून बाहेर काढायचं आणि तोफांनी भाजून काढायचं. रसद विमानाने येईल. शत्रू या डोंगरांवर जड तोफा चढवेल, हे त्या हिशेबात नव्हतंच.

युद्धाला तेव्हा सात वर्षं होऊन गेली होती. 2 सप्टेंबर 1945 ला व्हिएतमिन्हचे नेते हो ची मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्य जाहीर केलं. फ्रान्सला आपली वसाहत परत हवी होती. डिसेंबर 1946 मध्ये हनोईच्या रस्त्यांवर लढाई पेटली. 1949 मध्ये चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली आणि उत्तरेची सीमा मदतीसाठी उघडली.

व्हिएतमिन्हच्या सैन्याचे सेनापती व्हो न्युएन गियाप. मूळचे इतिहासाचे शिक्षक. लष्करी शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांची पहिली पत्नी फ्रेंचांच्या तुरुंगात मरण पावली होती. 1944 च्या डिसेंबरात त्यांनी पहिली तुकडी उभी केली, ती 34 जणांची. आणि 1951 मध्ये विन्ह येनला, मोकळ्या मैदानात उतरण्याची घाई केली म्हणून, नापाम या चिकटून जळणाऱ्या बॉम्बच्या आगीत त्यांनी हजारो माणसं गमावलीही होती.

आता 26 जानेवारीची संध्याकाळ हल्ल्यासाठी ठरली होती. बेत झटपट लढून झटपट जिंकण्याचा. चिनी सल्लागारांचा त्याला पाठिंबा होता. सैनिक उतावीळ झाले होते.

आदल्या रात्री गियाप झोपले नाहीत. डोकं इतकं ठणकत होतं की डॉक्टरांनी कपाळावर पाला बांधला, आपल्या दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचा. निघताना हो ची मिन्ह यांनी बजावलं होतं: जिंकायची खात्री असेल तरच लढा, नसेल तर लढू नका. गियाप यांना ती खात्री वाटत नव्हती. सकाळी चिनी सल्लागार वेई ग्वोछिंग त्यांना भेटायला आले, तेव्हा तो पाला अजून कपाळावरच होता.

हल्ला रद्द झाला. तोफा मागे ओढायचा हुकूम सुटला.

ज्यांच्या तळहातांची सालटं दोरांनी निघाली होती, त्यांना हे कसं सांगितलं असेल? माझ्या मते या युद्धाचं खरं वळण हेच. पुढचा विजय सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण जिंकायला निघालेल्या सैन्याला थांबवणं, आणि त्या सैन्याने ते ऐकणं, ही त्याहून अवघड गोष्ट होती.

उतारावर तोफ सांभाळणं चढणीहून जिवावरचं. फेब्रुवारीच्या पहिल्या रात्री एका विमानविरोधी तोफेचा दोर तुटला. तो विन्ह झिएन या सैनिकाने चाकाखाली स्वतःला झोकून दिलं. तोफ थांबली.

(पडद्यावर: सायकल, जवळून.)

पुढच्या सहा आठवड्यांत नव्या वाटा खोदल्या गेल्या, डोंगराच्या पोटात तोफांसाठी खोबणी झाल्या. तांदूळ आणि दारूगोळा आणणारी माणसं अडीच लाखांच्या वर, सायकली वीस हजारांहून जास्त. सायकलवर कुणी बसत नसे. हँडलला बांबू बांधून ती लांबवायची, सीटमागे दुसरा बांबू उभा करायचा, ट्यूब टिकावी म्हणून चिंध्या गुंडाळायच्या आणि दोनशे किलोंहून जास्त ओझं लादून शेजारून ढकलत चालायचं.

13 मार्चला संध्याकाळी डोंगर बोलू लागले. बेआत्रिस नावाचं ठाणं त्याच रात्री पडलं, पाठोपाठ गाब्रिएल. शत्रूच्या तोफा आपण क्षणात गप्प करू असं छातीठोक सांगणारे फ्रेंच तोफखान्याचे प्रमुख कर्नल पिरोत यांना एक हात नव्हता. दोनच दिवसांनी त्यांनी हातबॉम्बने स्वतःला संपवलं. मार्च सरेपर्यंत धावपट्टी बंद झाली. मग चर, चिखल, पाऊस. दोन्हीकडचे हजारो मेले. 6 मेच्या रात्री फ्रेंचांच्या ताब्यातल्या ए-वन टेकडीखाली जवळपास हजार किलो स्फोटकं उडवली गेली. 7 मेला संध्याकाळी दरीतल्या फ्रेंच सैन्याचे प्रमुख जनरल द कास्त्री आपल्या खंदकातच कैद झाले.

दुसऱ्या दिवशी जिनिव्हात इंडोचायनावरची, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियावरची, बोलणी सुरू झाली. 21 जुलैला करार झाला. देश सतराव्या अक्षांशावर तात्पुरता विभागला गेला, आणि कराराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं. देश पुन्हा एक करण्यासाठी दोन वर्षांनी व्हायच्या निवडणुका झाल्याच नाहीत.

ए-वन टेकडीच्या पायथ्याशी दफनभूमी आहे. सहाशेहून जास्त थडगी, बहुतेक बिननावाची. मोजक्याच दगडांवर नाव कोरलंय. त्यांतलं एक तो विन्ह झिएनचं.