काटापट्टीचा हिशेब कुठं लिहायचा?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयाच्या संगणकशास्त्र विद्यार्थ्यांपुढं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रांनो, तुमच्या सरांनी तुमचे प्रोजेक्ट मला आधीच पाठवले होते. बऱ्याच जणांनी कापूस खरेदीचं अ‍ॅप केलंय. साहजिक आहे, दिवाळीनंतर आपल्याकडं दुसरं बोलणं असतं कुठं? त्यातलाच एक प्रोजेक्ट घेऊन बोलतो. कोणाचा ते सांगत नाही, नाहीतर पोट्टे चिडवतील.

सगळं अ‍ॅप पीएचपी या भाषेतल्या एकाच फाइलीत आहे. वर डेटाबेसचं कनेक्शन, खाली लॉगिनची तपासणी, मग डेटाबेसला विचारणारं एसक्यूएल, मध्येच पानावर टेबल मांडणारं एचटीएमएल, आणि त्या टेबलाच्या पोटात ओलाव्याची कपात काढणारी इफ-एल्सची, म्हणजे ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ची रांग. चालतं मात्र झकास. मी त्याला नावं ठेवणार नाही. उलट अशी एक फाइल प्रत्येकानं एकदा लिहावी, कारण तिच्याशिवाय एमव्हीसीची, म्हणजे कोड मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशा तीन भागांत वाटण्याच्या पद्धतीची, गरज कळत नाही. नुसती व्याख्या पाठ होते.

आता गरज कुठं लागते ते बघा. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ ला तो ८,११० झाला. हा पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंत. त्यापुढं प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. म्हणजे ८,११० च्या हिशेबानं १० टक्के ओलावा लागला तर भाव ७,९४७ रुपये ८० पैसे. बंडीत, म्हणजे बैलगाडीत, साडेचौदा क्विंटल असेल तर कास्तकाराच्या खात्यावर १,१५,२४३ रुपये १० पैसे जायला हवेत.

या प्रोजेक्टमध्ये हा हिशेब तीन जागी लिहिलाय: नोंदीच्या पानावर, छापायच्या काटापट्टीत (वजन, भाव आणि रकमेची पावती) आणि महिन्याच्या अहवालात. हंगाम बदलला, पोरानं दोन जागी ८,११० केलं, अहवालात ७,५२१ तसंच राहिलं. आता पट्टी एक सांगते आणि अहवाल दुसरंच. दोन्ही कागद एका टेबलावर आले की भांडण ठरलेलं.

म्हणून कोड लिहिताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे काम कोणाचं? कपातीचा नियम पानाचा नाही, बटणाचा नाही. तो व्यवहाराचा आहे. उद्या अ‍ॅप बंद केलं आणि वहीवर आलो तरी तो तसाच राहील. असं जे जे असेल ते मॉडेलमध्ये. ‘खरेदी’ नावाचा क्लास, म्हणजे माहिती आणि तिचे नियम एकत्र बांधणारा कोडचा साचा, करा, त्याला वजन, ओलावा आणि हंगाम द्या, तो रक्कम काढून देईल. १२ च्या वर ओलावा दिला तर तोच नाही म्हणेल. भाव कोडमध्ये लिहू नका, हंगामाप्रमाणे डेटाबेसच्या टेबलात ठेवा. आणि पट्टी झाली की लागलेला भाव त्या नोंदीतच साठवा. नाहीतर नवा भाव भरल्याबरोबर मागच्या वर्षीच्या पट्ट्यांची रक्कमही बदलून बसेल. पैशाच्या रकान्याला फ्लोट, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार, वापरू नका, नेमका साठवणारा डेसिमल वापरा. फ्लोटमध्ये पैशापैशाची चूक साचत जाते आणि बेरीज जुळत नाही.

मॉडेल म्हणजे डेटाबेसचं टेबल, असं बरेच शिकवणारेही सांगतात. ते अर्धंच आहे. टेबल ही साठवण झाली. मॉडेलमध्ये साठवणीसोबत नियमही येतो, आणि खरी किंमत नियमाचीच आहे.

आता एक विनंती सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघू. केंद्रावरच्या माणसानं वजन आणि ओलावा भरून ‘जतन करा’ दाबलं. ब्राउझरकडून सर्व्हरला पोस्ट, म्हणजे भरलेली माहिती पाठवणारी, विनंती गेली. राउटरनं, म्हणजे कोणती विनंती कोणाकडं द्यायची हे ठरवणाऱ्या कोडनं, पत्ता बघितला आणि ती खरेदीच्या कंट्रोलरकडं दिली. कंट्रोलरनं फॉर्ममधले आकडे घेतले, आकडेच आहेत ना ते तपासलं, मॉडेलला म्हटलं, ‘ही खरेदी नोंदव.’ मॉडेलनं भाव काढला, नोंद केली. मग कंट्रोलरनं ब्राउझरला पट्टीच्या पानाकडं वळवलं आणि तिथं व्ह्यूनं ती पट्टी मांडून दाखवली. कंट्रोलरचं काम एवढंच. तो दहा-पंधरा ओळींच्या पुढं गेला की समजा, कोणाचं तरी काम त्यानं अंगावर घेतलंय. फ्रेमवर्क, म्हणजे अ‍ॅपचा तयार सांगाडा, शिकलेल्या मुलांच्या कोडमध्ये हाच रोग मी सगळ्यात जास्त पाहतो: फोल्डर तीन, पण माल सगळा कंट्रोलरमध्ये.

ते ‘वळवलं’ म्हणालो, तिथं जरा थांबू. पोस्टनंतर थेट पान दाखवलं आणि माणसानं रिफ्रेश केलं, तर तीच नोंद पुन्हा जाते. वळवल्यानं ते टळतं. पण आपल्याकडं रेंज अशी, की बटण दाबून चक्र फिरत राहतं आणि माणूस वैतागून पुन्हा दाबतो. दोन विनंत्या, एकाच बंडीच्या दोन पट्ट्या. याला वळवणं पुरत नाही. फॉर्म उघडतानाच त्यात एक वेगळा क्रमांक लपवून पाठवा आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्याला युनिक, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा चालणार नाही अशी अट, लावा. दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल.

व्ह्यूबद्दल थोडंच. त्यात फक्त दाखवणं. नावं मराठीत ठेवणार असाल तर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये यूटीएफ-एट-एमबी-फोर हा अक्षरसंच लावा, नाहीतर कास्तकाराच्या नावाजागी प्रश्नचिन्हांची रांग येऊ शकते.

आता पुस्तकातल्या एमव्हीसीच्या आकृत्या. त्यात मॉडेलपासून व्ह्यूकडं बाण असतो, आणि वेबवर तो कुठं सापडत नाही म्हणून तुम्ही गोंधळता. कारण ही कल्पना वेबसाठी निघालेलीच नाही. ट्रिग्वे रीन्सकाउग या नॉर्वेच्या संगणकतज्ज्ञानं ती १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात, स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेवर काम करताना मांडली. वेबचा पहिला प्रस्तावच १९८९ चा. स्मॉलटॉकमध्ये सगळं एकाच यंत्रात चालायचं. मॉडेल बदललं की ते पडद्याला ‘मी बदललो’ असं कळवू शकायचं. वेबवर सर्व्हर उत्तर देतो आणि ती विनंती विसरतो. म्हणून वेबच्या एमव्हीसीत तो बाण कंट्रोलरमधून जातो.

नावांचाही घोळ आहे. जँगो या फ्रेमवर्कमध्ये कंट्रोलरसारखं काम करणाऱ्याला व्ह्यू म्हणतात आणि व्ह्यूला टेम्पलेट. लॅराव्हेल आणि रेल्स या फ्रेमवर्कमध्ये पुस्तकातलीच नावं. काम ओळखलं तर नाव बदललं तरी अडत नाही. जाता जाता सांगतो, जँगो कुठल्या मोठ्या कंपनीत नाही, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. कॅन्सस म्हणजे गव्हाचा मुलूख. बातमीदारांना पानं लवकर हवी असायची, त्या घाईतून ते निघालं.

तर कोणतं फ्रेमवर्क शिकायचं, हे मागच्या बाकावरून केव्हाचं विचारणं चाललंय. पीएचपी येत असेल तर लॅराव्हेल, पायथन येत असेल तर जँगो. भाषा बदलू नका. एकदा नेट चांगलं असेल तेव्हा सगळं उतरवून घ्या, कागदपत्रांसकट. पुढं लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच संगणकावर, काम करायला नेट लागत नाही. लाइट जाते, तिला इलाज लॅपटॉपची बॅटरी.

जेवणानंतर लॅबमध्ये ब्राउझर उघडायचा नाही. आधी फक्त खरेदीचा क्लास लिहायचा आणि टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्याला ८, १०, १२ आणि साडेबारा टक्के ओलावा देऊन बघायचं. साडेनऊ दिला तर दीड टक्का कापायचा की पूर्ण टक्क्यांवर थांबायचं, हे तुमच्या गावच्या केंद्रावर विचारून या. ते कोड सांगणार नाही.