धूळपेरणी
(लघु माहितीपट : निवेदन)

(ड्रोन : सरळ रेषेत जाणारं पेरणी यंत्र, मागे धुळीचा लोट)

एप्रिल संपत आलाय. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेरेडिनचा हा परिसर, पर्थपासून पूर्वेला साधारण अडीचशे किलोमीटर. वरच्या थरात ओल नाही, आभाळात ढग नाही, आणि पेरणी जोरात चालू आहे.

ही धूळपेरणी. इथला शेतकरी वाफसा येण्याची वाट बघत नाही. बी आधी कोरड्या मातीत टाकतो, मग आभाळाकडे बघतो. शेत हजारो हेक्टरचं, पेरायला कित्येक आठवडे लागतात. पाऊस पडल्यावर सुरुवात केली तर शेवटचा तुकडा पेरेपर्यंत जून उजाडतो. मे ते ऑक्टोबर हा इथला पावसाचा हंगाम, म्हणजेच हिवाळा. उशिरा पेरलेला गहू दाणा भरायच्या वेळी नेमका उन्हात सापडतो आणि ओंबीत चिपाड राहतं.

(क्लोज-अप : फण, दाबचाक, मातीतला चर)

जरा जवळून बघा. फण अगदी अरुंद आहे. तो जेवढी फट पाडतो तेवढीच माती हलते, दोन ओळींमधली जमीन जागची ढळत नाही. त्याच फटीत खाली खत, वर बी. मागून येणारं चाक माती दाबतं आणि ओळीवर उथळ चर सोडून जातं. या चरातच सगळी करामत आहे. पाच मिलिमीटरची भुरभुर झाली तरी दोन्ही अंगांचं पाणी चरात उतरतं आणि बियापाशी गोळा होतं. एवढ्या सरीवर सपाट रानात बी धड उगवतही नाही.

आणि ओळींच्या मधे उभे आहेत ते मागच्या गव्हाचे खुंट. ते जाळले नाहीत, उखडले नाहीत, मुद्दाम ठेवलेत. वारा अडतो, माती उडत नाही, ओल टिकते. दरवर्षीची नांगरट इथून हद्दपार होऊन एक पिढी उलटली.

(फवारणी यंत्र, जानेवारीतलं रान)

खरं तर पेरणीची तयारी जानेवारीतच सुरू होते. उन्हाळ्यात एखादी वादळी सर येते, रान हिरवं होतं. दिसायला छान, पण ते सगळं तण. प्रत्येक रोप जमिनीतलं पाणी उपसत असतं. म्हणून सर पडली की काही दिवसांत तणनाशक फवारलं जातं. पीक रानात नाही, पेरणीला तीन महिने आहेत, आणि माणूस ओल राखत बसलाय.

या ओलीचा हिशेब 1984 साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्रेंच आणि शुल्ट्झ या दोन संशोधकांनी मांडला. हंगामात पडलेल्या पावसातून 110 मिलिमीटर वजा करा, ते मातीतून वाफ होऊन जातं. उरलेल्या प्रत्येक मिलिमीटरमागे हेक्टरी जास्तीत जास्त 20 किलो गहू. पाऊस 210 मिलिमीटर झाला, तर शंभर गुणिले वीस, म्हणजे हेक्टरी दोन टन. त्यापेक्षा कमी आलं तर पाणी कुठेतरी वाया गेलं. मग शोधायचं : तणाने प्यायलं, मुळांना खाली जाता आलं नाही, की पेरणीच चुकली? पुढे या सूत्रात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. पण पीक कमी आलं की पावसाला शिव्या घालून मोकळं व्हायची सोय त्याने काढून घेतली, हे त्याचं मोठं काम.

आणि पाऊस खरोखर कमी झालाय. 1970 पासून ऑस्ट्रेलियाच्या या नैर्ऋत्य भागात एप्रिल ते ऑक्टोबरचा पाऊस 15 टक्क्यांच्या आसपास घटला. सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशभराचा हिशेब केला. 1990 ते 2015 या काळात, उपलब्ध पावसावर गव्हाचं जेवढं पीक येऊ शकतं ती मर्यादाच 27 टक्क्यांनी खाली आली. तरी शेतातलं सरासरी पीक जवळपास जिथल्या तिथे राहिलं. पंचवीस वर्षांची सुधारणा अशी जागच्या जागी उभं राहण्यात गेली. आकड्यात ती प्रगती दिसत नाही, पण ती सोपी नव्हती.

(तळहातावर वाळू, ड्रॉपरमधून पाण्याचा थेंब)

हा थेंब बघा. वाळूवर पडला आणि पाऱ्यासारखा गोल होऊन बसला. मुरत नाही. सडलेल्या पालापाचोळ्यातलं मेण वाळूच्या कणांवर चढतं आणि जमीन पाणी घेईनाशी होते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळूरानांत हे दुखणं फार मोठ्या क्षेत्रावर आहे. इलाज महागडे : खालची चिकणमाती काढून वर पसरायची, किंवा एकदाच खोल नांगरून थर उलटेपालटे करायचे. नांगर सोडलेला शेतकरी नांगर बाहेर काढतो तो एवढ्यासाठी.

(प्रयोगशाळा : काचेच्या नळ्यांतले कोंब)

दुसरा मार्ग, बी खोल पेरायचं. वरचा थर कोरडा असला तरी दहा-बारा सेंटिमीटरवर ओल असते. अडचण एवढीच की हरितक्रांतीतल्या बुटक्या गव्हांचा कोंबही आखूड. ज्या जनुकाने ताट बुटकं झालं, त्यानेच कोंबाभोवतीचं आवरण तोकडं केलं, आणि तो इतक्या खालून वर येईपर्यंत दमतो. आता वेगळं बुटकेपणाचं जनुक वापरून ताट ठेंगणं पण कोंब लांब, असे वाण तयार होतायत. डावीकडच्या नळीत जुना कोंब, उजवीकडे नवा. फरक सांगायची गरज नाही.

(हार्वेस्टर, मागून उडणारा भुसा)

रायग्रास नावाचं तण इथे बऱ्याच तणनाशकांना दाद देत नाही. कापणीपर्यंत त्याचं बी रोपावरच असतं, हार्वेस्टरमध्ये जातं आणि भुशाबरोबर रानभर पसरतं. म्हणजे शेतकरी स्वतःच तण पेरत होता. डार्कन गावच्या रे हॅरिंग्टन या शेतकऱ्याने खाणीत वापरतात तसली चक्की हार्वेस्टरच्या मागे जोडली. भुसा त्यातून जातो आणि तणाचं बी भरडलं जातं. आज ही चक्की हार्वेस्टरच्या पोटातच बसवून मिळते.

(क्विनाना बंदर : वाहक पट्टा, जहाजाच्या पोटात पडणारा गहू)

इथल्या धान्याचा बहुतांश भाग असा समुद्रापार जातो. पूर्वी गहू पोत्यांत भरायचे आणि तागाची पोती यायची कलकत्त्याहून. पोत्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी. 1933 मध्ये सीबीएच ही सहकारी संस्था उभी राहिली आणि गहू सुटा साठवायला, सुटा वाहायला लागली. कोठारं तिची, बंदरावरची यंत्रणा तिची, आणि ती शेतकऱ्यांच्या मालकीची. एका सभासदाला एक मत. 2008 साली ऑस्ट्रेलियन गहू निर्यातीवरची एकाच कंपनीची मक्तेदारी मोडली आणि विक्रीचा धोका थेट शेतकऱ्यावर आला, तेव्हा निदान कोठाराची किल्ली त्याच्याच हातात होती.

भाव मात्र त्याच्या हातात नाही. एके काळी गहू आयात करणारा रशिया गेल्या दशकात जगातला सर्वांत मोठा गहू निर्यातदार झाला. इंडोनेशिया क्विनानाहून हाकेच्या अंतरावर, तरी काळ्या समुद्राकडचा स्वस्त गहू तिथे पोचतो. मग इथला शेतकरी गुणावर लढतो.

(उकळते नूडल्स)

जपानचे उदोन नूडल्स. पांढुरके-पिवळसर, मऊ आणि चिवट. त्यासाठी लागणारा गहू पश्चिम ऑस्ट्रेलियात खास पिकवला जातो आणि त्याला जादा भाव मिळतो. पण हे गिऱ्हाईक लहान. मोठ्या गिऱ्हाइकाची तऱ्हा वेगळी. मे 2020 मध्ये चीनने ऑस्ट्रेलियन जवावर 80.5 टक्के शुल्क लावलं. तोवर बरीच पेरणी उरकली होती. ते ऑगस्ट 2023 मध्ये उठलं. मधल्या काळात जव दुसरीकडे गेला, कमी भावात.

सरकारी आधार इथे नावापुरता. आग आणि गारपिटीचा विमा मिळतो, दुष्काळाचा परवडेल असा नाही. चांगल्या वर्षी करपूर्व उत्पन्नातून प्रत्येकी आठ लाख डॉलरपर्यंत रक्कम वेगळी ठेवायची मुभा आहे, ती वाईट वर्षी काढायची. वाईट वर्ष म्हणजे किती वाईट? सीबीएचकडे 2022-23 च्या हंगामात 2 कोटी 27 लाख टन धान्य आलं. पुढच्याच हंगामात सुमारे सव्वा कोटी टन.

(रिकामी शाळा. खारवटलेल्या रानातली वाळलेली झाडं)

शेतं मोठी होत गेली तशी गावं विरळ झाली. जंगल तोडून गहू लावला, खोलवरचं पाणी पिणारी झाडं गेली, जमिनीतलं मीठ घेऊन भूजल वर आलं, आणि दहा लाख हेक्टरहून जास्त जमीन खारवटली.

(मेंढ्यांचा कळप)

गव्हाने दगा दिला तर मेंढ्या सांभाळून घ्यायच्या. जिवंत मेंढ्यांची समुद्रमार्गे निर्यात 1 मे 2028 पासून कायद्याने बंद होतेय. कळप आत्ताच कमी व्हायला लागलेत, कुरणांत धान्य पेरलं जातंय, आणि त्या रानांचीही भिस्त आता मे ते ऑक्टोबरच्या पावसावर.