कुलपामागची माणसं

(दृश्य: बंद दारं, एकापाठोपाठ एक)

बीड जिल्हा, पाटोदा तालुका. बालाघाटाच्या डोंगरातलं गाव. या गल्लीत सात घरं आहेत आणि पाच दारांना कुलूप आहे. धूळ जाऊ नये म्हणून कुलपावर प्लास्टिकची पिशवी बांधलीय. अंगणातल्या थंड चुलीत कोंबडी बसलीय.

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, ते फेडायचे असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी कर्नाटकात. पट्टा पडला, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपला, की मगच माघारी.

(दृश्य: ग्रामपंचायतीची भिंत, रंगवलेला तक्ता)

एकूण लोकसंख्या, पुरुष, स्त्रिया, कुटुंबं. भिंतीवरचे आकडे २०११चे आहेत. सगळ्या जिल्ह्याचा कारभार अजून त्याच जनगणनेवर चालतो. अकरा तालुके, २५ लाख ८५ हजार ४९ माणसं, पाचांतली चार खेड्यांत.

ही माणसं मोजली कशी, ते नीट ऐका. ९ ते २८ फेब्रुवारी २०११, असे वीस दिवस प्रगणक घरोघर फिरले. नियम असा होता की या वीस दिवसांत जो थोडे दिवस तरी आपल्या घरी राहिला, त्याला घरी मोजायचं. जो सगळी मुदत बाहेर, त्याला जिथं असेल तिथं. बेघरांची मोजणी २८ तारखेच्या रात्री.

आणि फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळप. पहाटे अंधारात उसाच्या फडात शिरलेला माणूस मोळ्या बांधून, गाडी भरून कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, येतो तेव्हा पुन्हा अंधारच असतो. नियमानं त्याची मोजणी त्या कोपीवर, परक्या तालुक्यात व्हायची. तीही प्रगणक तिथवर पोचला तर. त्याच्या गावच्या तक्त्यात तो नाही.

(दृश्य: पंचायतीची बैठक, रिकाम्या खुर्च्या)

गावची वस्ती दीड हजारापर्यंत असेल तर ग्रामपंचायतीत सात सदस्य, त्यावर गेली की नऊ. वित्त आयोगाचा निधी वाटतानाही लोकसंख्याच बघतात. पाणी मात्र गावाला मे महिन्यात लागतं, टोळ्या परत आल्यावर, सगळ्यांना.

२०११च्या जनगणनेतला बीडचा एकच आकडा महाराष्ट्राला पाठ झाला: सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली. तो आकडा लाजिरवाणा होता आणि त्यावर बोललं गेलं, हे बरंच झालं. पण त्याच फेब्रुवारीत जिल्ह्याच्या किती घरांना कुलूप होतं, यावर कुणी बोललं नाही.

शाळेची पटसंख्या, रेशन, २६ जानेवारीच्या ग्रामसभेची गणपूर्ती, सगळीकडे या कुलपांचे परिणाम दिसतात.

(दृश्य: दप्तर उघडताना ग्रामपंचायत अधिकारी)

२०२१ची जनगणना झालीच नाही. आता संदर्भ तारीख ठरलीय १ मार्च २०२७. म्हणजे माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. या वेळी मोबाइलवर, जातीच्या रकान्यासह, स्वतःची माहिती स्वतः भरायची सोयही आहे. फडात मोबाइल चार्ज करायला वीज कुठली, हे ज्यानं कोपी पाहिलीय त्याला सांगायला नको.

ऊसतोड कामगारांची नोंद करून त्यांना ओळखपत्र द्यायचं काम गावपातळीवर पूर्वीच्या ग्रामसेवकांकडे, आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आलं. कोणत्या घरातून किती कोयते गेले, हे गावात ठाऊक असतं. ती यादी कारखान्याच्या हद्दीतल्या प्रगणकाच्या हातात पडली पाहिजे. कोण कोणत्या गावचा, हे तिथंच लिहून घेतलं पाहिजे. आणि ते आत्ता ठरलं पाहिजे, गाड्या भरायच्या आधी.

(दृश्य: ओसरीवर आजी, मांडीवर नातू)

आजींना विचारलं, घरात माणसं किती? त्या बोटांवर मोजू लागल्या. थोरला, त्याची बायको, त्यांची तीन. मधला, मधली. धाकटा, धाकटी. हे नातवंड. आणि त्या स्वतः. अकरा.

मग कुलूप लावलेल्या खोल्यांकडे बघून त्यांनी दोन बोटं वर केली.

(दृश्य: आजींचा हात. इथे निवेदन नाही.)