पार्सल अडकलंय असा मेसेज आला तर

नमस्कार श्रोतेहो.

"आपले पार्सल गोदामात आले आहे. दोनदा प्रयत्न करूनही पत्ता अपुरा असल्याने ते देता आले नाही. 48 तासांत पत्ता दुरुस्त करा, अन्यथा पार्सल परत जाईल." आणि खाली एक लिंक. टपाल खात्याच्या नावाने असा इंग्रजी मेसेज इतका फिरला की 2024 मध्ये पीआयबी फॅक्ट चेकने, म्हणजे खोट्या बातम्या तपासणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाने, तो खोटा असल्याचं जाहीर केलं. पत्ता दुरुस्त करायला टपाल खातं असे मेसेज पाठवत नाही. तरी तो येतच राहतो, कारण आज जवळपास प्रत्येक घरात कुठलं ना कुठलं पार्सल यायचं असतं. मेसेज हजारोंना जातो, त्यातल्या काहींना तो बरोबर आपल्याच पार्सलचा वाटतो.

हा मेसेज नीट वाचा. त्यात तुमचं नाव नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही, पार्सलचा नंबरही बहुधा नाही. भारतात बुक झालेल्या स्पीड पोस्टचा नंबर 13 अक्षरी असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आय आणि एन. मेसेजमध्ये असा नंबर असलाच, तर तो इंडियापोस्ट डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर स्वतः टाईप करून तपासा, किंवा 1800 266 6868 या टोल फ्री नंबरवर विचारा. चौकशी नेहमी आपल्या बाजूने सुरू करायची. समोरच्याने दिलेली लिंक किंवा नंबर वापरून केलेली चौकशी पुन्हा त्याच्याकडेच जाते.

मेसेज कुठून आला हेही बघा. कंपन्यांचे आणि सरकारी मेसेज मोबाईल नंबरवरून नाही, तर इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतात आणि 2025 पासून त्या नावाच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी असं एक अक्षर असतं. जी म्हणजे सरकारी. 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा मेसेजमध्ये आधी नोंदवलेल्याच लिंक चालतात, म्हणून चोरटे साध्या दहा आकडी मोबाईलवरून, परदेशी नंबरवरून, व्हॉट्सॲपवरून किंवा ईमेल पत्त्यावरून मेसेज करतात. टपाल खातं कुणाच्या खासगी मोबाईलवरून मेसेज करेल का, एवढा एक प्रश्न बहुतेक वेळा पुरतो.

लिंक उघडली तर काय होतं? हुबेहूब लोगो असलेलं पान येतं. नाव, पत्ता, पिनकोड विचारतात आणि शेवटी पुन्हा घरपोच देण्याचे पंचवीस-पन्नास रुपये मागतात. रक्कम मुद्दाम छोटी असते, म्हणजे माणूस विचार न करता कार्ड काढतो. त्यांना हवा असतो कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. मग ओटीपी येतो. त्या ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली असते आणि ती पंचवीस रुपये नसते. आपण घाईत फक्त सहा आकडे वाचतो. पूर्ण वाक्य वाचायची सवय लावा.

ओटीपीचं आणखी एक. खरा डिलिव्हरी बॉयही काही वस्तूंसाठी ओटीपी मागतो. तो पार्सल हातात आल्यावर, दारातच द्यायचा. "तुमच्या नावाने पार्सल आलंय, नको असेल तर रद्द करायला ओटीपी सांगा" असं कुणी म्हणालं, तर देऊ नका. जे मागवलंच नाही ते रद्द करायला तुमच्या ओटीपीची गरज नाही. घरात आजी-आजोबा एकटे असतील तर आज कुठलं पार्सल येणार आणि त्याचे पैसे द्यायचे आहेत की नाहीत, हे कागदावर लिहून दाराजवळ लावा. कागदावर नसलेलं कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल परत पाठवायचं. त्याला दंड नाही.

आता सगळ्यात फसवा प्रकार. फोन येतो: "मी कुरिअरवाला बोलतोय, पत्ता सापडत नाही. मी सांगतो तो नंबर दाबा, आमच्या माणसाशी बोलणं होईल." तो सांगतो स्टार, 21, स्टार, मग एक मोबाईल नंबर आणि हॅश. कधी 21 ऐवजी 401 सांगतो. हा कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे. तो दाबला की तुमचे फोन त्याच्याकडे वाजू लागतात. एसएमएस जात नाहीत, पण ओटीपी फोन करूनही ऐकवला जातो. तेवढ्यावर तो तुमचं व्हॉट्सॲप स्वतःच्या फोनवर सुरू करतो आणि तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागतो. दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून कोड दाबून होणारं फॉरवर्डिंग बंद ठेवायला कंपन्यांना सांगितलं, पण त्यावर विसंबू नका. कुणाच्या सांगण्यावरून स्टारने सुरू होणारा काहीही नंबर दाबायचा नाही.

दाबला गेला असेल तर लगेच हॅश हॅश 002 हॅश डायल करा. सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. दोन सिम असतील तर दोन्हींवरून करा. मिस्ड कॉल अलर्ट सेवा वापरत असाल तर ती यामुळे बंद पडू शकते, नंतर सुरू करून घ्या. आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आजच लावा. तो असला की नुसत्या ओटीपीवर तुमचं खातं कुणाला उघडता येत नाही.

"तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, व्हिडिओ कॉलवर या" म्हणणारा पोलीस खोटाच असतो. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून अटक, नावाची गोष्ट कायद्यात नाही. फोन ठेवा.

पैसे गेलेच, तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. खातं किंवा कार्ड, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवा. चोरटे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवतात. ते मध्येच गोठवले गेले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून तक्रार मिनिटांच्या हिशोबात करायची. मग बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि तक्रारीचा नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये घातलेल्या नियमाप्रमाणे, तुम्ही स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर पूर्ण तक्रार नोंदवा. तो मेसेज रागाच्या भरात डिलीट करू नका, तक्रारीला त्याचा स्क्रीनशॉट जोडायचा आहे. आणि पुढच्या काही दिवसांत "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा" असा फोन आला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.